आधी डबा, मग बाक : बेळगावातून पहिल्यांदा रेल्वेनं निघणाऱ्यांसाठी

आमचं घर टिळकवाडीत, स्टेशनापासून चालत जाण्याजोगं. त्यामुळं रात्रीची गाडी असली की खानापूर तालुक्यातली सोयरेधायरे मंडळी संध्याकाळीच आमच्याकडं उतरतात. कोण पुण्याला कॉलेजला निघालेला, कोण दादरला लेकीच्या बाळंतपणाला, कोण बेंगळुरूला मुलाखतीला. जेवणं आटोपली की त्यांना गाडीत बसवून यायचं काम माझ्याकडं. वाटेत प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "बसायची सोय कशी हाय तिथं?"

सोय बरी आहे. स्टेशनाची नवी इमारत २७ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, सुमारे १९० कोटी खर्चून. जुनं स्टेशन पाहिलेल्यांना ती ओळखू येत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत ज्यांची गाडी हुकली, त्यातले बहुतेक जण तासभर आधी येऊन निवांत बसलेले होते. म्हणून या लेखात मी बसण्याबद्दल सांगणारच आहे, पण डब्याबद्दल जास्त सांगणार आहे.

१. तिकीट काढताना स्टेशन नीट बघा

बेळगावचा रेल्वेतला कोड बीजीएम. गावाचं सरकारी नाव २०१४ मध्ये बदललं, कोड तोच राहिला. ॲपवर शोधताना जुनं-नवं स्पेलिंग खेळत बसण्यापेक्षा ही तीन अक्षरं टाका.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या मंडळींनी इथं जास्त सावध राहायचं. निपाणीला रेल्वे नाही, अथणीलाही नाही. अथणीवाले कुडची, उगार किंवा शेडबाळ धरतात. 'चिकोडी रोड' हे स्टेशन चिकोडीत नाही आणि 'गोकाक रोड' गोकाकात नाही. स्टेशनाच्या नावात 'रोड' आला की गाव तिथून लांब आहे आणि पुढचा रस्ता तुमचा तुम्ही गाठायचा, असं समजा. रात्री अशा ठिकाणी उतरायचं असेल तर न्यायला कोण येणार ते आधी ठरवा. निपाणीच्या बऱ्याच लोकांना मिरज किंवा कोल्हापूरच सोयीचं पडतं.

दुसऱ्या टोकाचंही तेच. बेंगळुरूला एकच स्टेशन नाही. मॅजेस्टिकजवळचं जुनं मुख्य स्टेशन म्हणजे केएसआर, क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. राणी चन्नम्मा एक्सप्रेस तिथंच जाते. कित्तूरची राणी आणि तिचा शिलेदार, दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. पण काही गाड्या यशवंतपूरला थांबून पुढं जातात आणि काही तिथंच संपतात. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

तिकीट मिरजेपासूनचं आहे आणि चढायचंय बेळगावला, असं असेल तर आयआरसीटीसीवर (रेल्वेची ऑनलाइन तिकिटं काढायची साइट) 'बोर्डिंग स्टेशन' बदलून घ्या. हा बदल चार्ट, म्हणजे कुणाला कुठली जागा त्याची शेवटची यादी, लागायच्या आधी केलेला बरा, आणि तो एकदाच करता येतो. बदलल्यावर जुन्या स्टेशनावरून चढण्याचा हक्क जातो. न बदलता "पुढं बेळगावला चढतो की" म्हणून राहिलात, तर टीसी मिरजेनंतर तुमची जागा रिकामी धरून आरएसीवाल्याला (अर्ध्या जागेवर बसून जाणाऱ्याला) देऊ शकतो. आणि हा चार्ट पूर्वी गाडी सुटायच्या चार तास आधी लागायचा, आता त्याच्याही बराच आधी लागतो. तेव्हा हे काम आदल्या दिवशीच उरका.

तिकीट वेटिंगवरच राहिलं तर स्लीपर किंवा एसीच्या डब्यात चढू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते तिकीट दाखवून चढणारा माणूस टीसीच्या लेखी विनातिकीट असतो.

२. घरातून निघताना रेल्वे गेट धरून हिशोब करा

बेळगाव शहराचे रेल्वेनं दोन भाग केलेत. टिळकवाडीकडून येताना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट हे शब्द कानावर पडतील. काही ठिकाणी उड्डाणपूल झालेत, पण गेट पडलं की पाच-दहा मिनिटं गेलीच. गंमत अशी की ज्या गाडीसाठी गेट पडलंय, ती तुमचीच गाडी असू शकते. रिक्षात बसल्याबसल्या गेटाकडून नको, पुलावरून घ्या, असं सांगा. शहापूर, वडगावकडून येणाऱ्यांनी कपिलेश्वरच्या पुलावरून यावं. गणपतीच्या दिवसांत आणि विसर्जनाला या सगळ्या हिशोबात अर्धा तास सरळ मिळवा.

निघण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत आली ते मोबाइलवर बघा किंवा १३९ ला फोन लावा. मात्र ॲपवर 'पन्नास मिनिटं लेट' दिसलं म्हणून घरी पन्नास मिनिटं जास्त थांबू नका. गाड्या वाटेत वेळ भरून काढतात. लेट गाडीलाही मी वीस मिनिटांपेक्षा जास्त सूट देत नाही.

३. आत शिरल्यावर कान आणि डोळे

बेळगाव दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतं. त्यामुळं घोषणा कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होतात. मराठीत होत नाहीत. इथं मराठी बोलणारी माणसं इतकी असताना तसं का, हा वाद जुना आहे आणि तो मी गाडी धरायच्या गडबडीत काढत नाही. तुम्हीही काढू नका. मिरजेत पाय ठेवलात की मध्य रेल्वे आणि मराठी घोषणा, दोन्ही सुरू.

हिंदी घोषणा समजतेच, पण कन्नड आधी होते, आणि ती समजली तर अर्धं मिनिट हाताशी येतं. 'दयविट्टु गमनिसि' म्हणजे कृपया लक्ष द्या. त्यापुढं गाडीचा नंबर येतो, आणि शेवटी 'प्लॅटफॉर्म संख्ये' म्हटलं की त्याच्या पुढचा शब्द पकडायचा : ओंदु एक, एरडु दोन, मूरु तीन. 'तडवागि' कानावर पडलं की गाडी लेट. विचारायचं झालं तर "याव प्लॅटफॉर्म री?" आणि "लेट ऐतेन री?" एवढ्यानं काम भागतं. शेवटचा तो 'री' विसरू नका. आपल्याकडं 'हो' किंवा 'जी' लावतात तसा तो मान आहे, आणि समोरचा लगेच सैल होतो. बेळगावात हमालापासून चहावाल्यापर्यंत बहुतेकांना मराठी येतंच. हुबळीत गाडी बदलायची असेल तर मात्र हे चार शब्द फार कामाला येतात.

हुबळीचा विषय निघालाच आहे तर : तिथला एक प्लॅटफॉर्म १५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म म्हणून त्याची बातमी झाली होती. दीड किलोमीटर! तिथं "प्लॅटफॉर्मवर भेटू" असं कुणाला सांगायचं नाही. डबा सांगायचा.

४. आता बसायचं

साध्या वेटिंग रूममध्ये बसायला पैसे लागत नाहीत, तिकीट लागतं. वरच्या वर्गाची वेगळी, स्लीपर आणि सेकंड क्लासची वेगळी, बायकांची वेगळी, अशी विभागणी मोठ्या स्टेशनांवर असते. दाराशी बाई किंवा गडी बसलेला असतो आणि तो वहीत पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा नंबर, लिहून घेतो. जनरलच्या तिकिटावर एसीवाल्यांच्या खोलीत बसू देत नाहीत. त्यावरून हुज्जत घालून उपयोग नाही.

रात्र काढायची वेळ आली तर रिटायरिंग रूम. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर टाकून ती आयआरसीटीसीवर घेता येते. काही ठिकाणी डॉर्मिटरीत नुसती एक खाटही मिळते. सामान टाकून गावात फिरून यायचं असेल तर क्लोकरूम, पण बॅगेला कुलूप पाहिजे. बिनकुलुपाची बॅग ते ठेवून घेत नाहीत. आमच्या एका पाहुण्यानं पोत्याचं तोंड सुतळीनं शिवून आणलं होतं, त्यातला इंद्रायणी तांदूळ त्याला पाठीवर घेऊनच फिरावं लागलं.

पैसे देऊन बसायचं लाउंज हा नवा प्रकार. पुण्या-मुंबईकडं किंवा दिल्लीला जाताना तो भेटेल. तासाच्या हिशोबानं पैसे, आत एसी, सोफा, चार्जिंगला जागा, स्वच्छ संडास, चहा-कॉफी. जेवणाचे आणि अंघोळीचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. काही बँकांच्या कार्डावर नाममात्र पैशांत आत घेतात. दारातच तीन गोष्टी विचारा : तास कधीपासून मोजणार, त्या पैशात खायला काय, आणि तास उलटून दहा मिनिटं झाली तर पुढच्या पूर्ण तासाचे पैसे घेणार का. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल आणि दोन गाड्यांमध्ये चार तासांचं अंतर असेल, तर हे पैसे वसूल होतात. अर्ध्या तासासाठी मात्र मी जात नाही, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मावशीला घेऊन परत येत होतो. एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलायची होती, मध्ये दीड तास. मावशीचे गुडघे दुखत होते म्हणून लाउंजमध्ये नेलं. मावशी सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, जणू जास्त जागा घेतली तर जास्त पैसे पडतील. मग हळूहळू मागं रेलली आणि तिला डुलकी लागली. समोर टीव्हीवर गाड्यांची यादी फिरत होती. मी तिच्यावर नजर ठेवून बसलो. वेळ झाली तरी आमची गाडी त्या यादीत येईना. काउंटरवरच्या पोरानं "स्क्रीनवर आली की निघा" म्हणून सांगितलं. शेवटी मी सहज बाहेर डोकावलो, आणि काचेचं दार उघडल्याबरोबर घोषणेचा आवाज अंगावर आला. आमच्याच गाडीचा नंबर! गाडी लागून सुटायच्या बेताला आली होती. आत एसीची घरघर आणि जाड काच, बाहेरचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मग जिना, मग प्लॅटफॉर्म. आमचा डबा एस-२, आणि आम्ही उतरलो ते जनरलच्या डब्यांपाशी. मावशीला गर्दीत आत ढकललं, लोणच्याची बरणी तिच्या काखेत, मागून मी. जनरलमधून आतल्या आत स्लीपरमध्ये जाता येईल असं मला वाटलं होतं. मधली वाट बंद. पुढच्या थांब्यावर उतरून धावत एस-२ गाठला, तोवर टीसी आमच्या बर्थपाशी उभा. मावशी अजून म्हणते, "तुझ्या त्या गादीपाशी माझी चप्पल राहिली."

त्या दिवसापासून लाउंजमध्ये बसलो तरी टीव्हीवर विसंबत नाही. मोबाइलवर गाडी बघतो, आणि वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी बाहेर पडतो, चहा अर्धा राहिला तरी.

५. डबा कुठं लागणार

पूर्ण लांबीच्या गाडीला बावीसच्या आसपास डबे असतात. एक डबा साधारण तेवीस-चोवीस मीटरचा, म्हणजे सगळी गाडी पाचशे मीटरच्या पुढं. चुकीच्या टोकाला उभं राहिलात तर अर्धा किलोमीटर सामान घेऊन पळायचं. बेळगावात गाडी काही मिनिटं तरी थांबते. खानापूरसारख्या स्टेशनावर एक-दोन मिनिटांचं काम.

बेळगावात टोकांना नावं आहेत : मिरजेकडचं टोक आणि लोंढ्याकडचं टोक. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या गाडीचं इंजिन मिरजेकडं, बेंगळुरू-गोव्याकडं जाणाऱ्या गाडीचं लोंढ्याकडं. एवढं डोक्यात बसलं की बाकी सोपं. ॲपवर पीएनआर टाकला की तुमचा डबा इंजिनापासून कितवा ते दिसतं. बारावा असेल तर मध्यभागी उभे राहा, विसावा असेल तर इंजिनाच्या उलट टोकाला. प्लॅटफॉर्मवर डब्यांचे नंबर दाखवणाऱ्या लाल अक्षरांच्या पाट्या लागल्या की खात्री करून घ्या. एस म्हणजे स्लीपर, बी थ्री टियर एसी, एम थ्री टियर इकॉनॉमी, ए टू टियर, डी बसायचा सेकंड क्लास, सी एसी चेअर कार. जनरलचे डबे बहुतेक गाड्यांत दोन्ही टोकांना विभागलेले असतात.

एक खोडी लक्षात ठेवा. वाटेत एखाद्या जंक्शनात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावलं, की पुढचे डबे मागं जातात आणि ॲपवरचा क्रम उलटा पडू शकतो. म्हणून मी शेवटी हमालालाच विचारतो. लाल सदरा, दंडावर बिल्ला. त्याचा अंदाज पाट्यांपेक्षा पक्का. सामान द्यायचं असेल तर ते उचलायच्या आधी पैसे ठरवा. ठरवताना डबा नंबरही सांगा, तो तुम्हाला नेमक्या ठिकाणी नेऊन उभा करतो.

आणि मग बाक निवडायचा. तुमच्या डब्याच्या जागेजवळचा बाक, मग त्यावर पंखा असो वा नसो. पाणी, खाणं, संडास हे सगळं त्याच्या आधी उरका. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे, पंधरा किंवा वीस मागितले तर छापील किंमत दाखवा. बऱ्याच स्टेशनांवर रेलवायरचं वायफाय पहिली ३० मिनिटं फुकट मिळतं, तेवढ्यात गाडी कुठं आली ते बघून होतं.

६. चढताना

उतरणाऱ्यांना उतरू द्या. डब्याला दोन दारं असतात, सगळी गर्दी एकाच दारात असते. दुसऱ्या दाराकडं चला. आधी म्हातारं माणूस आणि मूल, मग मोठी बॅग, शेवटी तुम्ही. सगळं सामान आधी आत फेकायचं आणि मग माणसं चढवायची, ही आपल्याकडची जुनी सवय सोडा. गाडी हलली तर सामान पुढं आणि माणूस मागं राहतो.

तुमचा डबा लांब असेल आणि गाडी हलायच्या बेतात असेल, तर जवळच्या कुठल्याही स्लीपर डब्यात चढा. एका स्लीपरमधून दुसऱ्यात आतून जाता येतं. जनरलमध्ये चढू नका, आमचं काय झालं ते वर सांगितलंच. हललेली गाडी पकडायला धावू नका. कुणी मागं राहिलं म्हणून उगाच साखळीही ओढू नका. सबळ कारण नसताना ओढली तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आत गेल्यावर ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा, मूळ किंवा डिजिलॉकरमधलं. झेरॉक्स चालत नाही. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा. बाकी वेळ खालचा बर्थ सगळ्यांनी मिळून बसायचा.

गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट झाली आणि तुम्हाला जायचंच नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाइन तिकीट असेल तर त्यासाठी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा, आणि तो गाडी तुमच्या स्टेशनावरून प्रत्यक्ष सुटायच्या आधी. घरी जाऊन निवांत भरू म्हणाल तर पैसे बुडाले.

७. सोडायला आलेल्यांसाठी

आपल्याकडं एकाला सोडायला चौघं येतात. प्रत्येकाचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, १० रुपये, दोन तास चालतं. मोबाइलवरही निघतं. निरोप प्लॅटफॉर्मवर घ्या. कुंद्याचा डबा खिडकीतून द्यायचे दिवस एसी डब्यांनी संपवले, तेव्हा तो आधीच बॅगेत घाला.

१० ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत सुरू झाली. ती पहाटेच सुटते, आणि नवी गाडी आतून बघायची म्हणून सोडायला आलेलेही आत शिरतात. तिची दारं आपोआप मिटतात. एकदा मिटली की आतून ओढून उघडत नाहीत, टीसीला हाक मारून उपयोग नाही. आमच्या गल्लीतले एक काका मुलाची बॅग वर ठेवायला म्हणून आत गेले होते, पायात घरच्या स्लिपर, खिशात फक्त किल्ली. वंदे भारतचं पुढचं स्टेशन धारवाड.